आवक-जावक
जाम चौरस्त्यावर नागपूरहून येणारा रस्ता दोन वाटा धरतो: एक हिंगणघाटमार्गे हैदराबादची, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरची. अशा भागात कुरिअरवाल्याला घर सापडेपर्यंत फोनवर रस्ता कोण सांगत बसणार? लोक सरळ कचेरीचा पत्ता टाकतात. मग साहेबांचे बूट, मॅडमच्या साड्या, बाबूंच्या सासूबाईंचा कुकर, सगळं आवक टेबलावर.

शिष्टाचार असा की खोकं शिपायानं उतरवून घ्यावं, ओटीपी त्यानंच विचारत फिरावं आणि पैसे रोख असतील तर तेही त्याच्याच खिशातून जावेत. ‘भाऊ, देऊन टाक ना, संध्याकाळी देतो.’ कोणत्या संध्याकाळी, हे विचारणं असभ्यपणाचं.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवारी पार्सल परत गेलं, की कचेरी बंद असते म्हणून सर्वांत आधी कर्मचारीच चिडतो.

शेतकऱ्याचा अर्ज नोंदीविना त्याच टेबलावर पडून असतो. त्याच्याशेजारी आलेला मिक्सर तेवढ्यात उघडून, चालवून, नापसंत होऊन जावकही झालेला असतो.