चाळिशीपुढील गट

यवतमाळ जिल्ह्यात शालेय कुस्तीचे गट तीन: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. खरी झुंज होते ती चाळिशीपुढील गटात, पण क्रीडा खात्यानं त्याची अजून दखल घेतलेली नाही. या गटातले पैलवान गादीवर उतरत नाहीत, गादीच्या धुऱ्यावर उभे राहतात. शेताच्या धुऱ्यासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टात घालवायची सवय असल्यानं इथंही त्यांचं पाऊल रोज वीतभर आत सरकतं.

"पट काढ बे, पट!" बाप ओरडतो. "भारंदाज मार!" मामा. माय डबा उघडून उभी, "अवं, आधी बदाम तर खाऊ द्या त्याले." पोट्टं तिघांकडं पाहत असतानाच समोरचा पाठीमागं जाऊन दोन गुण घेतो आणि सगळा दोष पंचावर जातो.

पूर्वी पोराला वस्तादाच्या पायावर घातलं की बाप दारातूनच परत फिरे. आता रात्री अकराला वस्तादाच्या मोबाईलवर रशियन पैलवानाचा व्हिडिओ येतो, "सर, उद्या हा डाव घ्या." व्हिडिओ पाठवणाऱ्यानं स्वतः लंगोट पाहिला असेल तो दोरीवर वाळताना. पण दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण त्याला तोंडपाठ असतं.

2024 साली पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगाट 50 किलो गटात 100 ग्रॅम जास्त भरल्यानं अंतिम लढतीआधीच बाद झाली. तिचं दुःख देशाला झालं. आमच्याकडं त्यातून पोराची रात्रीची भाकर बंद झाली. 48 च्या गटात बसवायचं आहे ना! बापाच्या पोटाला कोणताच गट लागू नाही.

सगळ्यांचा आधारग्रंथ 'दंगल'. बापानं कडक व्हावं, हे त्यातून सगळ्यांनी घेतलं. त्याच चित्रपटात पोरगी सुवर्णपदक जिंकते तेव्हा बाप खोलीत कोंडलेला असतो, हा भाग पाहायला नेमकं कुणीच थांबलेलं दिसत नाही.

खोलीची व्यवस्था परवडणार नाही, म्हणून एक सूचना. आंतरराष्ट्रीय नियमात पंचाचा निर्णय पटला नाही तर कोपऱ्यातला प्रशिक्षक दाद मागतो. दाद फेटाळली की समोरच्याला एक गुण; आणि पैलवानच नको म्हणाला तर प्रशिक्षकानं गप बसायचं. हीच सोय पालकांना द्यावी. पोट्ट्यानं मान हलवली की बापानं खाली बसायचं, आणि दाद फसली तर तिथंच वीस जोर, वीस बैठका.

सूचना ऐकून धुऱ्यावरचे एक गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, "जोर काढाले आपली ना नाही भाऊ. पण मंग व्हिडिओ कोण काढीन?"