दाखवायचा जॅक

शोरूममधला सेल्समन सनरूफ तीनतीनदा उघडून दाखवतो. मागचा कॅमेरा, थंड हवा सोडणाऱ्या सीटा, हाक मारली की ओ देणारा स्क्रीन, सगळं कौतुकाने दाखवतो. जॅक तेवढा दाखवत नाही. आपणही विचारत नाही. पेढे वाटायच्या दिवशी पंक्चरचं नाव कोण काढणार? मग नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं चिरडली जातात आणि गाडी रस्त्याला लागते. टायरच्या सुरक्षेची कंपनीने केलेली तरतूद बघितली, तर लिंबूच जास्त भरवशाचं वाटतं.

या तरतुदीचा मुक्काम डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या शेजारी. म्हणजे गौरी-गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीचा टायर मुंबई-गोवा महामार्गावर बसला, की आधी मखर खाली, मग मोदकांच्या पिठाचा डबा, मग काकूंची बॅग, मग काकूंनी ‘जपून हं’ म्हणून दिलेली दुसरी बॅग. हा सगळा संसार पावसात मांडून झाला की रेक्झिनच्या पिशवीतून जॅकसाहेब प्रकट होतात.

चार पात्यांचा चौकोन आणि त्यातून आडवा गेलेला एक लांब स्क्रू, एवढाच त्याचा पसारा. स्क्रू फिरवला की पाती जवळ येतात आणि चौकोन उंच होतो. कल्पना झकास आहे. गोम एवढीच की जॅक जितका खाली, तितका तो फिरवायला जड. आणि टायर बसलेली गाडी जमिनीला टेकायला आलेली, त्यामुळे श्रीगणेशालाच दम निघतो. त्यात हँडल म्हणजे आकडा असलेली सळई. ती पूर्ण फिरत नाही, खाली डांबराला लागते. म्हणून अर्धा वेढा द्यायचा, आकडा काढायचा, पुन्हा अडकवायचा, पुन्हा अर्धा वेढा. आकडा निसटला की बोटांची सालं रस्त्यावर.

त्याआधी नटांचं प्रकरण असतंच. गाडीच्या पुस्तकात नट किती आवळायचे याचा आकडा दिलेला असतो. लहान गाड्यांना साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास. गॅरेजमधला पोऱ्या मात्र ते हवेच्या गनच्या आवाजावरून ठरवतो, आणि त्याला आवाज मोठा आवडतो. मग कंपनीच्या वीतभर पान्यावर घरातल्या सर्वात वजनदार माणसाला उभं करावं लागतं. एरवी ज्यांच्या वजनाची चेष्टा होते, त्या काकांना त्या दिवशी मान मिळतो.

पुस्तकात आणखी एक सूचना असते : जॅक सपाट आणि टणक जमिनीवर लावा. हे लिहिणाऱ्याने जुलैतली आपली साइडपट्टी पाहिलेली नाही. जॅकचं बूड तळहाताएवढं, खाली लाल चिखल. आपण फिरवत राहतो, गाडी जागची हलत नाही, जॅक मात्र पाताळाच्या दिशेने प्रगती करतो. तरीही कसाबसा बसलेला टायर जमिनीपासून सुटतो, आपण तो विजयी मुद्रेने काढतो आणि स्टेपनी लावायला जातो. ती बसत नाही. तिच्यात हवा आहे ना! तिला आणखी तीन-चार बोटं उंची हवी असते आणि जॅकचा स्क्रू तोवर संपलेला असतो. मग चाकाखालची जमीन उकरायची. एवढं बुद्धिमान वाहन घेऊन शेवटी खुरप्यावर यायचं.

अशा वेळी ट्रकवाले भाऊ थांबतात, सीटमागून बाटली जॅक काढतात, खाली फळी टाकतात, दांड्याचे चार हिसके देतात आणि चहाला नाही म्हणून निघून जातात. कंपनीने चांगला जॅक दिला असता तर अनोळखी माणसांत हा जिव्हाळा कुठून आला असता? या सामाजिक कार्याबद्दल कंपन्यांचं जाहीर कौतुक व्हायला हवं.

सरकारनेही या प्रश्नाच्या मुळावरच घाव घातला आहे. 2020 मध्ये नियम बदलले : टायर ट्यूबलेस असतील, हवा मोजणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचा संच दिला असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. स्टेपनी नाही, मग जॅकची तक्रार कुठली? हा संच खिळ्याने पडलेल्या भोकाला ठीक आहे. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू फाटली तर त्यातल्या डिंकाचा काही उपयोग नाही. आणि आपल्या रस्त्यांवर खिळे जास्त की खड्डे, हे वाचकांनीच ठरवावं.

तोवर एक करा. येत्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक बाहेर काढा आणि एक चाक स्वतः बदलून बघा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, नट गाडी उचलण्याआधीच ढिले करा. जॅक उंबऱ्याखालच्या दोन खाचांच्या मध्येच लावा, नाहीतर गाडीऐवजी पत्रा वर जातो. डिकीत एक जाड फळी, पान्यात अडकवायला दोन फुटांचा लोखंडी पाईप आणि हातमोजे टाकून ठेवा. सगळं मिळून सनरूफच्या काचेपेक्षा स्वस्त पडतं. एक्स्प्रेसवेवर मात्र हा पराक्रम करू नका, माणसं कठड्यापलीकडे उभी करा आणि मदतीला फोन लावा. आणि कुठेही असा, जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीच घालू नका. वॉरंटीत ते येत नाही.