यू, डबल टी

आमचे नाना बी विंगमध्ये राहतात. तुमच्या सोसायटीतही असतील. नाव वेगळं, एवढंच. नाना बँकेतून निवृत्त झालेले, अस्सल सदाशिवपेठी मराठी बोलणारे. फक्त दुसऱ्याची सूचना मोडीत काढायची असली की त्यांना इंग्रजी लागतं, आणि तेही जोडीनं. नुसता 'नॉनसेन्स' त्यांच्या तोंडून कधी यायचा नाही. मंत्र्यापुढे पायलट गाडी धावते तसा त्याच्यापुढे 'अटर' हवाच.

गच्चीवर सौर पॅनल बसवू या? "शीअर मॅडनेस." गणपतीत डीजे नको, भजन ठेवू? "कम्प्लीट रबिश." बरं, मग डीजेच आणू? "ॲब्सोल्यूट रॉट." पार्किंगबद्दलच्या सूचना 'टोटल'मध्ये जायच्या, वर्गणी वाढवणाऱ्या 'शीअर'मध्ये. 'अटर' मात्र राखीव होता. मी सोसायटीचा सचिव. माझ्या यच्चयावत सूचना 'अटर'.

एकदा चिडून म्हटलं, "नाना, मराठीत काय कमी आहे? धादांत खोटं, तद्दन भिकार, शुद्ध गाढवपणा. आपल्याकडेही जोड्या आहेत की!"

"शुद्ध गाढवपणा म्हणालो, तर उद्या जिन्यात तू तोंड फिरवशील," नाना म्हणाले. "मराठीत भांडण होतं. इंग्रजीत तो नुसता मतभेद."

यावर काय बोलणार? वर व्याख्यान ऐकावं लागलं ते वेगळंच. 'अटर' म्हणजे मुळात 'बाहेरचा', म्हणजे तुझी सूचना अकलेच्या वेशीबाहेरची. 'बंकम', म्हणजे पोकळ बडबड, हा शब्द अमेरिकेतल्या बंकम परगण्यावरून आला. तिथले फेलिक्स वॉकर १८२० साली संसदेत सभासद कंटाळले तरी बसेनात; म्हणे, मी बंकमसाठी बोलतोय. हे सांगताना नानांनी आमच्या खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदार तेव्हा चाळिसाव्या मिनिटाला होते.

श्रावणात नानांना हृदयविकाराचा झटका आला. भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर मीठ बंद करायला सांगत होते. नाना क्षीण आवाजात म्हणाले, "नॉनसेन्स."

नुसतंच. पायलट गाडी नाही, काही नाही. मी आणि काकू एकमेकांकडे बघत राहिलो.

दिवाळीनंतर ते सभेला आले. सदरा खांद्यावरून उतरत होता. मी मुद्दामच, चांगला तयारी करून, प्रस्ताव मांडला : गच्चीवर पोहण्याचा तलाव बांधावा. आठवड्यातून तीनदा टँकर मागवणाऱ्या इमारतीत! सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. खजिनदारांनी तर डोळेच मिटून घेतले.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विचार करायला हरकत नाही."

तलावाला कुणी अनुमोदन दिलं नाही, विरोधही केला नाही. चहा आला, तोही गार झाला.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो. आमचं इतिवृत्त इंग्रजीत असतं, हाही नानांचाच हट्ट. तलावाच्या विषयापाशी आलो आणि सरळ खोटं लिहिलं : बी विंगच्या ज्येष्ठ सभासदांनी हा प्रस्ताव म्हणजे 'अटर नॉनसेन्स' असल्याचं नमूद केलं.

पुढच्या सभेत मंजुरीआधी नानांनी वही मागून घेतली. चष्मा पुसला, त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि घाईत माझ्याकडून राहिलेला दुसरा 'टी' शांतपणे घातला.