पर्जन्यछायेचे सर

वर्षावनात शिरताना गाइडला आपलं गाव सांगू नये, आणि ते परभणी जिल्ह्यातलं असेल तर मुळीच सांगू नये. आंबोलीच्या त्या पोरानं सहज विचारलं, "सर, खयसून इलात?" मी म्हणालो, येलदरी. त्याला कळेना. जिंतूर म्हणालो, परभणी म्हणालो, शेवटी हात टेकून मराठवाडा म्हणालो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली, ती मी आजवर फक्त दुष्काळ पाहणीला आलेल्या पथकांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. पुढचा अर्धा दिवस तो मला प्रत्येक डबक्याशी हात द्यायला लागला. पाणी बघून मला भोवळ येईल, अशी त्याची समजूत झाली असावी. अरे बाबा, मी धरणाच्या गावचा माणूस! पूर्णेवर 4,232 मीटर लांब धरण आहे आमच्याकडे, 1968 सालचं. खाली वीजघर आहे, 22.5 मेगावॅटचं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "होय काय," आणि पुन्हा हात पुढे केला.

हे सगळं साडूंमुळे झालं. आमचे पुण्याचे साडू मलेशियातल्या तामन नेगारा नावाच्या जंगलात गाइडबरोबर अर्धा दिवस चालून आले. ते रान तेरा कोटी वर्षांचं आहे असं सांगतात, आणि साडू ते अशा थाटात सांगत होते की त्यातली निम्मी वर्षं त्यांनीच खतपाणी घातलं असावं. मी म्हणालो, आपला सह्याद्री हिमालयाहून म्हातारा आहे आणि 2012 पासून पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

"मग? गेलात का कधी?" साडूंनी विचारलं.

बायको आमटी ढवळायला लागली. ती आधीच ढवळून झाली होती.

मी जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर एका दमात सह्याद्री काढायचो. डावीकडे समुद्र, वर ढग, ढगाखाली निळ्या खडूच्या रेघांची गर्दी. मग डोंगराच्या उजव्या अंगाला, कोऱ्या फळ्यावर, ठसठशीत अक्षरांत लिहायचो, 'पर्जन्यछायेचा प्रदेश'. "म्हणजे कोण?" असं विचारलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "आपण!" फार लाडका पाठ होता तो माझा. पण ज्या भागावर मी इतका निळा खडू झिजवला, तिथे पाय ठेवायची वेळ साडूंनी डिवचल्यावरच आली. येलदरीत मात्र मी साडूंचं नाव घेतलं नाही. 'अभ्यासदौरा' म्हणालो. चौकात कुणी "सर, कुठं जायलाव?" असं विचारावं म्हणून गमबूट घालूनच मी जिंतूरची एसटी गाठली. उन्ह असं होतं की बुटात पाय शिजत होते.

आता शास्त्र सांगायचं तर आंबोलीच्या रानाला जाणकार निमसदाहरित म्हणतात. खऱ्या वर्षावनाला बारमाही पाऊस लागतो. इथे वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हा फरक मला माहीत होता, साडूंना नव्हता आणि माझ्याकडून कळणारही नव्हता.

रानात सकाळी नऊला तिन्हीसांज होती. पहिल्या पाच मिनिटांत चष्म्यावर धुकं बसलं, पुढच्या पाचात दुर्बिणीत. सबंध सह्याद्री मला पांढरट हिरवा दिसत होता. तरीही मी बोलत होतो. शिक्षकाला बोलायला दिसावं लागत नाही. एका अंजनीच्या खोडावर हात टेकून मी बायकोला आणि गाइडला वर्षावनाचे चार थर समजावून देत होतो. सगळ्यांच्या वर डोकं काढणारे उंच वृक्ष, त्याखाली पानांचं छत, त्याखाली... इथे गाइड हळूच म्हणाला, "सर, हात थयच ठेवा. हलव नको."

माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर, फांदीवर वेटोळं घालून, हिरवागार चापडा बसला होता. तिकोनी डोकं, विषारी, आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. हा साप भक्ष्य येईपर्यंत एकाच जागी तासन् तास बसून राहतो, असं गाइडनं नंतर सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "घाबरा नको, तो पण ऐकता."

इतका शांत विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. मी मात्र तिसरा आणि चौथा थर गाळले.

एवढ्यात पाऊस आला. 'आला' तरी कसं म्हणू? वरून पाणी सोडलं कुणीतरी. झाडांच्या छतावर तो आधी आवाजानं पडतो, अंगावर यायला वेळ लागतो, आणि एकदा आला की थांबल्यावरही पानांवरून पडतच राहतो. गाइड म्हणाला, जुलैत कधी कधी एका दिवसात 300 मिलिमीटर होतो. आणि इथून पुढे मला जंगल दिसेनासं झालं. चष्मा एव्हाना पुसलेला होता, तरीही.

कारण आमच्याकडे वर्षाकाठी 800-900 मिलिमीटर पडला तर लोक समाधानाने पोळा करतात. म्हणजे आमचं वर्षाचं एक तृतीयांश पाणी हे लोक एका दिवसात अंगावर घेतात आणि वर छत्री उघडतात! कोणत्याही मराठवाड्याच्या माणसाचं होईल तेच माझं झालं. मी टक्के काढायला लागलो.

हे टक्क्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी कुणाची तब्येत विचारत नाही. "कितीये?" एवढंच विचारतात. "सत्तावीस पॉइंट एकतीस." कशाचे, हे विचारणारा परगावचा. माझी साखर मला अंदाजे ठाऊक असते, बँकेतली शिल्लक त्याहून अंदाजे, पण येलदरी दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ. सकाळी व्हॉट्सॲपवर देवाच्या फोटोआधी धरणाचा आकडा येतो. काल 27.31 असेल आणि आज 27.38, तर गावात चालण्याचा वेग वाढतो. आमच्या वर, बुलडाणा जिल्ह्यात, त्याच पूर्णेच्या खोऱ्यात खडकपूर्णा धरण आहे. ते भरलं की पुढचं पाणी आमच्याकडे. त्यामुळे बुलडाण्यात गडगडलं की जिंतुरात चहा सांगितला जातो. आणि खडकपूर्णा भरूनही येलदरी हललं नाही, तर वरच्या प्रत्येक शेततळ्याकडे आम्ही संशयाने बघतो. सोयरीक जमवताना मुलाच्या पत्रिकेआधी त्याचं शेत कालव्याच्या लाभक्षेत्रात येतं का, ते बघतात. मंगळ चालतो, टेल चालत नाही. कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटाला, ज्याचं शेत आहे त्याच्या घरात पाणी फक्त चर्चेतून येतं.

धरणाचा जिवंत साठा 809.77 दशलक्ष घनमीटर. त्याखाली मृत साठा, 124.67. मेल्यावरही दोन दशांश! काही वर्षी तर आम्ही त्या मृतावरच जगलो. परभणी-हिंगोलीपासून नांदेडापर्यंतची तहान या पूर्णेच्या पाण्यावर भागते. दरवाजे उघडायचे म्हणून भोंगा वाजला, की तालुका लोटतो, भज्यांच्या गाड्या लागतात, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद कठड्याला शेजारी शेजारी उभे राहून फेसाळलेलं पाणी बघतात. त्या दिवशी टक्के विचारायचे नसतात. त्या दिवशी नुसतं "बगा!" म्हणायचं असतं.

तर त्या झाडाखाली, ओल्या मोबाइलवर, मी गणित मांडलं. आंबोलीचा 7 मीटर पाऊस किती जागेवरचा गोळा केला म्हणजे येलदरी शून्यापासून शंभर टक्के भरेल? उत्तर आलं, 116 चौरस किलोमीटर. म्हणजे 11 किलोमीटरसुद्धा बाजू नसलेला एक चौकोन! मी बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, एवढा तुकडा नुसता उचलून नेला तरी आपलं भागतं!"

"सर," गाइड म्हणाला, "पाय बघा."

पायाला जळू लागली होती. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती काढल्यावरही रक्त वाहतच राहतं. गमबुटाच्या आत ती कशी गेली, हे कोडं मला सुटलेलं नाही. बायको साध्या रबरी चपलेत होती. तिला एकही लागली नाही.

बायकोचं एकूण बरं चाललं होतं. तिने काहीच वाचलं नव्हतं म्हणून तिला दिसत होतं. हे पान चुरगळून बघू का, दालचिनीसारखा वास येतो. ही शिकेकाई का हो, आमच्या आईकडे होती. गाइड तिला उत्साहाने सांगत होता, मला अदबीने. डबक्यावर झुकलेल्या एका फांदीवर तिला पांढरा फेस दिसला. मी म्हणालो, साबण असेल, पर्यटकांचा. ते उडत्या बेडकाचं घरटं निघालं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग. मादी पानावर फेस घुसळून त्यात अंडी घालते, आणि पिल्लं तयार झाली की टपटप खालच्या पाण्यात पडतात. "म्हणजे खाली पाणी राहीलच, असं तिला माहीत असतं?" बायकोनं विचारलं.

गाइड हसला. "हय पाणी नसात, असा कसा होयत?"

मला एकदम अण्णांची आठवण झाली. आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात येलदरीला चौकीदार होते. पर्जन्यमापकाचं काम त्यांच्याकडे. रोज सकाळी साडेआठला ते नरसाळं उचलायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचे. पाणी नसलं तरी माप धरायचे. बाटली पालथी करून, थेंब अडकला असेल म्हणून बुडाला टिचकी मारायचे. मग सुंदर वळणदार अक्षरात लिहायचे, 'निरंक'. त्याखाली निरंक. त्याखाली निरंक. जुलैचं अख्खं पान तसं भरायचं. 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर तो दिवस पावसाचा दिवस म्हणून धरत नाहीत. या नियमाचा त्यांना भयंकर राग होता. दोन मिलिमीटरच्या दिवशी घरी येऊन आईला म्हणायचे, "पडला तर आहे ना! काहून धरत नाहीत?" आई म्हणायची, "तुम्ही धरा." आणि त्या दिवशी ते भजी करायला लावायचे.

आंबोलीला अण्णांचं मोजायचं माप सकाळच्या चहाआधी चार-पाच वेळा रिकामं करावं लागलं असतं. त्यांना आणायला हवं होतं इथे. नुसतं उभं करायचं होतं या पावसात. कुठलंही रजिस्टर हातात न देता.

त्याच भरात मी गाइडवर जरा उखडलो. म्हणालो, 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि तुमच्याकडे हे असं फुकट वाहून जातं! जसं काही ढग तोच अडवत होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, मे महिन्यात खाली गावांत येऊन बघा. बायका घागरी घेऊन फिरतात." जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. पडतं आणि उतरतं. काही कोकणात उतरून अरबी समुद्राला, काही हिरण्यकेशीतून पूर्वेला, घटप्रभा, मग कृष्णा. तिथून आलमट्टी. भूगोलाच्या शिक्षकाला हे एका पोरानं पावसात उभं राहून सांगितलं आणि सगळं बरोबर सांगितलं. माझ्या फळ्यावर निळ्या बाजूला कुणी घागर घेऊन फिरत नव्हतं.

मग त्याने आम्हाला सड्यावर एक बोटभर बेडूक दाखवला. आंबोली टोड. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याचं वेगळेपण नोंदवलं, आणि तो जवळपास याच परिसरात सापडतो. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाचं तर 2020 साली बारसं झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. शेजारीच, हाकेच्या अंतरावर, धबधब्याखाली हजारभर माणसं मोठ्याने गाणी लावून मक्याची कणसं खात होती. त्यांच्यापैकी कुणी या बाजूला फिरकलं नव्हतं. मी नाक मुरडणार होतो, पण साडू नसते तर मीही तिकडेच कणीस खात उभा असतो.

फोटो मात्र मी साडूंना पाठवले. एकात मी, एकात माझा गमबूट, एकात हिरवं काहीतरी. चापड्याचा फोटो बायकोनं काढला होता, त्याखाली मी 'माझ्या हातापासून वीतभर' असं लिहिलं. साडूंचं उत्तर आलं, "छान. पण हे निमसदाहरित ना?"

निघताना गाइडला पैसे देताना मी सवयीने घासाघीस सुरू केली. बायकोनं पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि तो म्हणाला त्यापेक्षा जास्त दिले. तुम्ही कधी आंबोलीला गेलात तर धबधब्यावर थांबू नका, गाइड घ्या, आणि तो मागेल तेवढे द्या. त्याचा हा धंदा पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो; उरलेले महिने तो मिळेल ते काम करतो.