एमडी साहेबांना, कुटुंबातल्या एका सदस्याकडून




परवाच्या टाउनहॉलमध्ये आपण पुन्हा सांगितलंत, ‘ही कंपनी नाही, कुटुंब आहे.’ अगदी खरं. कुटुंबात कोणी ओव्हरटाइम मागत नाही, वडीलधाऱ्यांना उलट विचारत नाही, आणि वाटणीत कोणाला काय मिळालं ते कुजबुजीतूनच कळतं. इन्क्रिमेंटचं पत्र उघडलं तेव्हा हे नातं फार जाणवलं.

मागे टेस्टिंगमधल्या एका मुलीने माइक हातात घेऊन विचारलं होतं, की रिलीजच्या महिन्यात शनिवार-रविवार बोलावता, त्याची बदली सुट्टी कधी? आपण हसून ‘गुड क्वेश्चन, ऑफलाइन बोलू’ म्हणालात. झालं बोलणं. अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे शेरा आला: ‘अ‍ॅटिट्यूड’. तेव्हापासून माइक सभागृहभर फिरून तसाच परत येतो आणि एचआर समाधानाने नोंद करतं, की कर्मचाऱ्यांना कोणत्याही शंका नाहीत. निनावी सर्व्हेचं तर विचारूच नका. पहिलाच रकाना, एम्प्लॉयी आयडी.

नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास राबायला सांगितलं. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले, वर रविवारी बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारून झालं. त्यांनी निदान आकडा तरी सांगितला! आपण आकड्याच्या फंदात पडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘क्विक कॉल’ लावता. तो संपेपर्यंत हिंजवडीचा ट्रॅफिकसुद्धा ओसरलेला असतो, हे उपकार विसरणार नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा तासांना दुप्पट पगार आहे. व्यवस्थापकीय पदांना मात्र त्यातून सूट. आमच्या मजल्यावर ज्याच्या हाताखाली चिटपाखरू नाही तोही असिस्टंट मॅनेजर का, याचा उलगडा मला तो कायदा वाचल्यावर झाला.

बाकी आपलं नेतृत्व थोरच. टीमने सहा महिन्यांचा अंदाज दिला, आपण क्लायंटला चार महिने कबूल करून आलात. कोणाला विचारून, हे विचारायची सोय नाही. काम रखडलं तेव्हा आपल्या व्हीपी साहेबांनी काचेच्या केबिनमध्ये टीम लीडला असं झापलं की बाहेर पँट्रीतल्या मुलाने चहाचा ट्रे तसाच मागे नेला. तक्रार कोणाकडे करायची? एस्केलेशन मॅट्रिक्समध्ये सगळ्यात वर त्यांचंच नाव. आपल्या मते ते ‘पॅशनेट’ आहेत. टीम लीड नोकरी सोडून गेला, तर आपण म्हणालात, आजच्या पिढीत चिकाटी नाही. प्रोजेक्ट बुडाला तर ‘ओनरशिप’ आमची, तरला तर बोनस वरच्या मजल्याचा. चार महिने कबूल करणाऱ्याच्या अप्रेझलमध्ये काय शेरा आला, तेवढं कळलं तर बरं होईल.

मीही राजीनामा दिला आहे. ९० दिवसांचा नोटीस पीरियड भरतो आहे. ज्यांना आपण काढलंत, त्यांना लॅपटॉप जमा करायला संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

खाली सही करत नाही. रिलीव्हिंग लेटर अजून हातात पडलेलं नाही.