पंचवीस अधिक, पंचवीस उणे

प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची प्रथा होती. ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण, त्याचा विषय कोणता, प्रयोजन काय आणि या साऱ्यांचा परस्परसंबंध कसा, या चार गोष्टींचा निवाडा झाल्याखेरीज भाष्यकार पहिल्या सूत्राला हात घालीत नसत. ब्रिटिश अर्थखात्याने ६ एप्रिल २०१७ पासून सुरू केलेल्या ‘लाइफटाइम आयसा’ या बचत खात्याची नियमावली वाचली असता ही परंपरा टेम्स नदीच्या काठी अद्याप जिवंत असल्याचे समाधान मिळते. फरक असलाच तर एवढाच, की वेदान्तात अधिकारी ठरण्यासाठी वैराग्य अंगी बाणवावे लागते, तर येथे घराची आसक्ती सिद्ध करावी लागते, आणि तीही वयाला चाळीस वर्षे पूर्ण होण्याच्या आत.

‘आयसा’ म्हणजे ज्यातील व्याजावर किंवा नफ्यावर कर लागत नाही असे वैयक्तिक बचत खाते. ब्रिटनमध्ये ते १९९९ पासून आहे आणि तेथील मध्यमवर्गाच्या आयुष्यात त्याला साधारण आपल्याकडील पीपीएफचे स्थान आहे. त्याची ‘लाइफटाइम’, म्हणजे आजीवन, ही उपजात तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केली. आजीवन या शब्दाचा अर्थ मात्र कोशात पाहू नये. खाते अठराव्या वर्षापासून चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडता येते, त्यात पन्नाशीपर्यंत भरणा करता येतो आणि साठी गाठल्यावर पैसे बिनबोभाट काढता येतात; अर्थात जीवनाचा जो भाग या तीन आकड्यांच्या खोबणीत बसतो तेवढेच जीवन. वर्षाला जास्तीत जास्त ४,००० पौंड भरावेत आणि सरकारने त्यावर पंचवीस टक्के, म्हणजे १,००० पौंडांपर्यंत, अनुदान घालावे, असा हा व्यवहार आहे. प्रयोजने दोनच: पहिले घर किंवा म्हातारपण. एकाच खात्याला ही दोन प्रयोजने जोडणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्याला लंडनमधील घरांच्या किमती पाठ असाव्यात, कारण तेथे पहिले येण्याआधी दुसरे येण्याची शक्यता त्याने हिशेबात धरलेली दिसते.

अधिकारी ठरवणारे सूत्र सर्वांत सखोल आहे. घरासाठी पैसे काढायचे तर खातेदार ‘प्रथम खरेदीदार’ असला पाहिजे, आणि प्रथम खरेदीदार म्हणजे ज्याच्या मालकीचे किंवा मालकीत वाटा असलेले राहते घर जगात कोठेही नाही आणि पूर्वीही कधी नव्हते असा मनुष्य. यातील ‘जगात कोठेही’ या शब्दांची व्याप्ती लीड्स किंवा लेस्टरच्या रहिवाशाला जाणवणार नाही. ती जाणवते चिपळूण, वाई किंवा मालवण येथून तिकडे गेलेल्या संगणक अभियंत्याला. घर विकत घेतलेले असो वा वारशाने आलेले, नियमाला फरक पडत नाही. तेव्हा आजोबांच्या पश्चात ज्या कौलारू घराच्या उताऱ्यावर चौदा वारसांची नावे चढली, ज्याची पडवी मागच्या पावसाळ्यात बसली आणि ज्याच्या वाटणीचा दावा दुसऱ्या पिढीत सुरू आहे, त्या घरातील चौदावा हिस्सा हा ब्रिटिश अर्थखात्याच्या दृष्टीने भरभक्कम मालमत्ता ठरतो. चुलत्यांनी वीस वर्षांत जो वाटा मान्य केला नाही, तो लंडनच्या नियमावलीने एका ओळीत मान्य करावा, हा पुतण्याचा गौरवच म्हणावा लागेल. केवळ त्या गौरवापायी त्याचे अनुदान जाते. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर तो मुलीचाही आहे, ही गोष्ट नियमावली रचणाऱ्यांच्या कानी अद्याप गेली नसावी. ती त्यांना कोणी सांगू नये, अशी अनेक मराठी कुटुंबांची विनंती असेल.

अधिकार सिद्ध झाला तरी विषय, म्हणजे घर, हाही कसास उतरावा लागतो. ते ब्रिटनमध्येच असले पाहिजे, ते गृहकर्ज काढूनच घेतले पाहिजे, त्यात स्वतः राहिले पाहिजे, खात्यात पहिला भरणा होऊन बारा महिने लोटलेले असले पाहिजेत आणि त्याची किंमत ४,५०,००० पौंडांच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा २०१७ मध्ये ठरली आणि तेव्हापासून ध्रुवताऱ्याप्रमाणे अढळ आहे. घरांच्या किमतींनी तिच्याभोवती फिरावे अशी अपेक्षा होती, ती त्यांनी पाळली नाही. मौज अशी की इंग्लंडमध्ये पहिले घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात जी सवलत मिळते तिच्यासाठी घराच्या किमतीची मर्यादा ५,००,००० पौंड आहे. एकाच सरकारच्या एका कागदावर जो मनुष्य गरजू नवखा ठरतो तोच दुसऱ्या कागदावर चैनखोर ठरतो, आणि दोन्ही कागद एकाच खरेदीच्या फायलीत लावले जातात.

आता मुख्य सूत्राकडे वळता येईल. वरील अटींत न बसणाऱ्या कारणासाठी पैसे काढल्यास पंचवीस टक्के शुल्क कापले जाते. सरकारने पंचवीस टक्के दिले आणि पंचवीस टक्के परत घेतले, म्हणजे देणेघेणे फिटले, असे मराठी शाळेत शेकडेवारी शिकलेला मनुष्य क्षणभर मानील. परंतु शेकडा कशाचा, हा प्रश्न विचारण्याची सवयही त्याच शाळेने लावलेली असते. खातेदाराने ८०० पौंड भरले, त्यावर २०० पौंड अनुदान आले, खात्यात १,००० झाले. देताना टक्केवारी आठशेवर मोजली. घेताना ती हजारावर मोजली जाते. शुल्क २५० पौंड, हाती ७५०. सरकारने आपले दोनशे परत नेले आणि येण्याजाण्याचा खर्च म्हणून खातेदाराच्या खिशातील पन्नास सोबत नेले, म्हणजे मूळ रकमेचे सव्वासहा टक्के. धर्मशास्त्रात यास प्रायश्चित्त म्हणतात; मात्र तेथे आधी पाप घडावे लागते.

पाप कोणते, हे पाहणे उद्बोधक आहे. दहा वर्षे नेमाने ४,००० पौंड भरणाऱ्याच्या खात्यात, व्याज बाजूला ठेवले तरी, अनुदानासह ५०,००० पौंड होतात. त्याला पसंत पडलेल्या घराची किंमत ४,५०,००१ पौंड ठरली आणि विकणाऱ्याला एक पौंड सोडण्याची बुद्धी झाली नाही, तर त्याला ३७,५०० पौंड मिळतील. अनुदान तर गेलेच, वर स्वतःचे अडीच हजार गेले. त्याचा शेजारी आईवडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला परतला आणि तेथे त्याने आयुष्यातले पहिले घर घेतले, तरी हिशेब तोच, कारण कोथरूड ब्रिटनमध्ये येत नाही. त्याला दंड टाळायचा असेल तर साठी उलटेपर्यंत थांबण्याची मुभा आहे. हे गणित सरकारला ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून ५ एप्रिल २०२१ पर्यंत, शुल्क वीस टक्क्यांवर आणले गेले होते आणि हजाराचे वीस टक्के बरोबर दोनशे होतात; म्हणजे तेवढे तेरा महिने सरकारने आपले तेवढेच परत घेतले. साथ ओसरली आणि पन्नास पौंड पुन्हा सुरू झाले.

ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीने जून २०२५ मध्ये या खात्यावर अहवाल दिला. त्यानुसार २०२३-२४ या वर्षात घरासाठी हे खाते वापरणारे ५६,९०० होते आणि शुल्क सोसून पैसे काढणारे ९९,६५०. पहिल्या घरासाठी काढलेल्या योजनेचा अधिक वापर दंड भरण्यासाठी व्हावा, हे योजनेचे अपयश मानायचे की तिजोरीचे यश, हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे. समितीने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या माणसाला मिळणारे सरकारी साहाय्य, १६,००० पौंडांहून अधिक बचत असणाऱ्यास मिळत नाही, आणि या खात्यातील पैसे त्या बचतीत धरले जातात. नोकरीतून निवृत्तिवेतनासाठी साठवलेले पैसे धरले जात नाहीत. नोकरी गेलेल्या खातेदाराने मग दंड भरून खाते मोडावे आणि उरलेल्या पैशावर पोट भरावे, असा हा संबंध जुळतो.

दंडातून मुक्तीचा साठीपूर्वीचा आणखी एक मार्ग नियमावलीत आहे: खातेदार असाध्य रोगाने ग्रस्त असावा आणि त्याचे आयुष्य बारा महिन्यांहून कमी उरलेले असावे. घरासाठी किमान बारा महिने, मरणासाठी कमाल बारा महिने. समतोल साधण्यात कसूर नाही.

लाइफटाइम आयसाच्या आधी डिसेंबर २०१५ मध्ये निघालेले ‘हेल्प टू बाय आयसा’ हे थोरले भावंडही विसरण्याजोगे नाही. इंग्लंडमध्ये साठेखताच्या वेळी सामान्यतः किमतीचा दहावा हिस्सा इसार म्हणून द्यावा लागतो आणि खरेदीखत नंतर होते. त्या खात्याचे अनुदान मात्र खरेदीखत होतानाच हाती पडे, त्यामुळे इसारासाठी त्याचा उपयोग नव्हता. ही गोष्ट ऑगस्ट २०१६ मध्ये वृत्तपत्रांतून अनेक खातेदारांना प्रथमच कळली. ते खाते २०१९ च्या नोव्हेंबरअखेर नव्या माणसांना बंद झाले, जुन्यांना २०२९ पर्यंत चालू आहे, दोन्ही खाती एकाच वेळी बाळगता येतात आणि घरासाठी अनुदान एकाचेच घेता येते. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबर सरकारने लाइफटाइम आयसाच्या जागी पहिल्या घरासाठी नवे, ‘अधिक सोपे’ खाते आणण्यासाठी लोकांची मते मागवण्याचे जाहीर केले. तोवर चाळिशीच्या उंबरठ्यावरील भाडेकरूला जाणकारांचा सल्ला असा, की वाढदिवसाच्या आधी निदान एक पौंड भरून खाते उघडून ठेवावे, कारण बारा महिन्यांचे घड्याळ त्या पौंडाने सुरू होते. आणि पुढे बेत बदलून तो पौंड परत घ्यावा लागलाच, तर अनुदान मिळून आणि शुल्क कापून त्याचे सुमारे चौऱ्याण्णव पेन्स हाती येतात.