झार व्हा : दिवा उपनगरातल्या होतकरूंसाठी प्राथमिक धडे

सोसायटीच्या चेअरमनपदी नुकतीच निवड झाली असेल आणि टँकरचं पाणी आधी कुठल्या विंगला सोडायचं हे आता आपल्या हातात, या विचारानं छाती फुगली असेल, तर अभ्यास लगेच सुरू करा. आदर्श एकच : झार म्हणून राज्याभिषेक करवून घेणारा पहिला रशियन राजा, चौथा इव्हान.

बालपण हलाखीचं असलेलं बरं. इव्हान 3 वर्षांचा असताना बाप गेला, 7 वर्षांचा असताना आई. बोयार, म्हणजे तिथले सरदार-दरकदार, आपसात भांडत बसले आणि आपले खायचे-ल्यायचेही हाल झाले, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. तुम्हाला मागच्या कमिटीनं हिशेब दिला नाही, एवढा राग पुरे.

16 जानेवारी 1547 ला मुकुट डोक्यावर आल्यावर त्यानं खरंच कामं केली. 1550 मध्ये नवी कायदेसंहिता, 1552 मध्ये कझान आणि 1556 मध्ये अस्त्राखान काबीज. ही पायरी गाळू नका. पुढची पंचवीस-तीस वर्षं लोक याच भांडवलावर तुम्हाला सोसतात.

आता मुख्य धडा : रुसणं. डिसेंबर 1564 मध्ये इव्हान खजिना नि देवांच्या तसबिरी घसरगाड्यांवर लादून मॉस्को सोडून गेला. महिन्याभरानं दोन पत्रं आली. एकात बोयार आणि धर्मगुरू गद्दार. दुसऱ्यात सामान्य जनतेवर आपला मुळीच राग नाही. झालं! शिष्टमंडळ हातापाया पडायला धावलं. अट एकच : गद्दार कोण ते मी ठरवीन, मध्ये कुणी बोलायचं नाही. आपल्याकडे 2 मे 2023 ला शरद पवारांनी पक्षाध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर केला, कार्यकर्ते रडले, 5 मे ला तो मागे घेतला गेला. पाठोपाठ काळे घोडेस्वार आले नाहीत, हा फरक लोकशाहीच्या खात्यावर. दिव्यात रुसायचं तर दुपारची वेळ धरा. सकाळी आठला लोकलमध्ये चढायलाच मिळत नाही, आणि तासाभरात घरी परतलेल्या चेअरमनची कुणी मनधरणी करत नाही.

ते काळे घोडेस्वार म्हणजे ओप्रिच्निक, गद्दार वेचायला इव्हाननं उभी केलेली फौज. खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि झाडू : हुंगायचं, चावायचं, झाडून काढायचं. 1570 मध्ये त्यांनी नोव्हगोरोद या आपल्याच शहरात कत्तल केली. पुढच्याच वर्षी क्रिमियाचा खान चालून आला, तेव्हा ही फौज कामाला आली नाही, मॉस्को जळत राहिलं. रहिवाशांवर खेकसणारा वॉचमन ठेवताना हे आठवा.

डमी उमेदवाराचा धडा ऐच्छिक आहे. 1575 मध्ये इव्हाननं सिमिऑन बेकबुलातोविच नावाच्या तातार सरदाराला गादीवर बसवलं आणि स्वतः त्यालाच दीनवाणे अर्ज लिहू लागला. वर्षभरात खेळ आटोपता घेतला. मुदत संपल्यावर सौभाग्यवतींना उभं करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

वारसाचं मात्र नीट बघा. 1581 मध्ये भांडणाच्या भरात इव्हाननं हातातली काठी कर्त्या मुलाच्या डोक्यात घातली. पोरगा काही दिवसांत गेला. 1584 मध्ये इव्हान वारला. उरला फ्योदर, त्याचं लक्ष देवधर्मात. कारभार बघायचा त्याच्या बायकोचा भाऊ, बोरिस गोदुनोव. 1598 मध्ये फ्योदर निपुत्रिक गेला आणि झार झाला तो हाच मेव्हणा.

तेव्हा चेअरमनसाहेब, मुलाचं लग्न ठरवताना नवरीच्या भावाची आधी चौकशी करा.